गठ्ठा परत का आला: फोंड्याजवळच्या एका सोसायटीची पावसाळी रद्दी

जुलैचा तिसरा आठवडा. गोव्यातल्या फोंडा शहराला लागून असलेली तीन मजली, १८ बिऱ्हाडांची सोसायटी. भंगारवाला टेम्पो घेऊन येतो, जिन्याखालच्या ढिगातलं वरचं खोकं उचलतो, कडेला अंगठा दाबून बघतो आणि परत ठेवतो. "गीला है, नहीं चलेगा." पुठ्ठा नकोच, वर्तमानपत्रांचे वरचे दोन गठ्ठे निम्म्या भावात. बाकी सगळं जिथल्या तिथे. दोन दिवसांनी तो ढीग पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीत जातो आणि सोसायटीच्या बैठकीत प्रश्न येतो: आम्ही कागद वेगळा ठेवतो, तरी तो शेवटी कचऱ्यातच जाणार असेल तर वेगळा ठेवायचा कशाला?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर भंगारवाल्याच्या अंगठ्यात आहे. हे प्रकरण एकाच इमारतीचं नाही. या भागातल्या सोसायट्यांत दर पावसाळ्यात जे दिसतं ते एका ठिकाणी जोडून मांडलं आहे. वजनं नमुन्यादाखल घ्यावीत, हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी वापरता येते.

ढिगात काय होतं

मे महिन्याच्या मध्यापासून साठलेला दोन महिन्यांचा माल. वर्तमानपत्रं, ऑनलाइन खरेदीची खोकी, साबण-टूथपेस्टचे डबे, संपलेल्या शालेय वह्या, लग्नपत्रिका, दुकानाच्या पावत्या, पिझ्झाचे दोन खोके, पावाला आणि मासळीला गुंडाळलेली पानं, चहाचे कागदी कप, फळांच्या रसाची टेट्रा पॅक खोकी, कुणाच्या तरी बारशातले चंदेरी द्रोण आणि गेल्या वर्षीचं एक भिंतीवरचं कॅलेंडर, वरच्या पत्र्याच्या पट्टीसकट. 'कागद' या एका शब्दाखाली इतकं सगळं एकत्र आलं होतं.

जागा म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. फरशी उघडी, मागची भिंत नैऋत्येची, म्हणजे पावसाचा मारा थेट तिच्यावर. खोकी सपाट करून भिंतीला उभी टेकवलेली. हे दिसायला नीटनेटकं, पण नेमकं चुकीचं. पुठ्ठ्याच्या दोन पापुद्र्यांमध्ये जी नागमोडी घडी असते तिच्या नळ्या खोकं उभं ठेवलं की बहुधा जमिनीकडे तोंड करून उभ्या राहतात आणि फरशीवरची ओल वर ओढतात. खालची वीतभर पट्टी लिबलिबीत होते, वरून खोकं कोरडं वाटत राहतं. भंगारवाला वरून बघत नाही. तो खालची कड दाबतो.

पाण्याचा हिशेब

कागदाला हवेतलं पाणी लागतंच. साधारण हवेत त्याच्या वजनात सहा ते आठ टक्के पाणी असतं. गोव्यात जुलैत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. तेव्हा पावसाचा थेंबही न लागता नुसत्या हवेने ते प्रमाण १२-१५ टक्क्यांवर चढतं. कागद गिरण्या साधारण १०-१२ टक्क्यांपर्यंतची ओल चालवून घेतात, त्यापुढे वजनात कापतात. गिरणी कापते म्हणून बेल (यंत्राने दाबून बांधलेला मोठा गठ्ठा) बांधणारा कापतो, तो कापतो म्हणून टेम्पोवाला कापतो. आणि टेम्पोवाल्याकडे ओल मोजायचं यंत्र नसतं, त्यामुळे तो अंदाजाने कापतो. अंदाज अर्थातच स्वतःच्या बाजूने.

सोसायटीला मात्र यंत्राशिवाय ओल काढता येते. १८ पैकी १२ घरांत रोज एक मराठी वर्तमानपत्र येतं असं धरू. वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या आसपास असतो. त्यानुसार १६ पानी अंकाचं वजन सुमारे ६५ ग्रॅम भरतं. १२ घरं, ६० दिवस: साधारण ४७ किलो. सुट्टीला न निघालेले अंक आणि जाड पुरवण्या एकमेकांत वळत्या धरल्या. काट्यावर मात्र भरले ५४ किलो. वरचे सात किलो बातम्यांचे नव्हेत, पाण्याचे. छापून आलेल्या कागदात ८ टक्के पाणी धरलं तर ४७ किलोत कोरडा कागद ४३.२ किलो. ५४ मध्ये ४३.२ म्हणजे ८० टक्के; उरलेले २० टक्के पाणी. भंगारवाल्याने भाव निम्म्यावर आणला हे जास्तच झालं, पण हात त्याने उगाच आखडला नव्हता.

ओलीचा तोटा वजनापुरता थांबत नाही. गठ्ठ्याच्या मध्ये हवा नसते, ऊब असते. आठ-दहा दिवसांत काळे-हिरवे ठिपके येतात. बुरशीला तंतूच खायचे असतात, ती कागदातलं सेल्युलोज पोखरते. असे तंतू गिरणीत घुसळताना तुटतात आणि गाळणीतून पाण्याबरोबर वाहून जातात. कागदाचा तंतू तसाही दर फेरीला आखूड होत जातो. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर तो कागद धरून ठेवण्याच्या कामाचा उरत नाही. यातली एक फेरी आपण जिन्याखाली फुकट घालवतो. शिवाय बुरशीची भुकटी हाताळणाऱ्याच्या नाकातोंडात जाते, हेही लक्षात ठेवावं. गठ्ठे सोडणारी माणसं सहसा मास्क लावत नाहीत.

गाडीत गेलेल्या ढिगाचं पुढे काय होतं? पंचायतींचा सुका कचरा निवडला जातो, विकण्याजोगं बाजूला काढलं जातं आणि जे पुन्हा वापरता येत नाही ते बेलमध्ये दाबून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी पाठवलं जातं. साळगावचा कचरा प्रकल्प २०१६ पासून सुरू आहे, पुढे काकोड्याचाही झाला. यंत्रं आहेत, निवडीचे सरकते पट्टे आहेत. पण ओलं वर्तमानपत्र दुधाच्या पिशवीला चिकटून आलं तर पट्ट्यावर ते सोडवत कुणी बसत नाही. भट्टीतही ओल्या कागदाची किंमत कमीच, कारण काही आच त्यातलं पाणी उडवण्यात जाते. इतक्या लांब पाणी वाहून नेऊन तिथे ते उकळायचं, असा हा व्यवहार.

कागद आणि कागदासारखं

गाडीत जाण्याआधी ढीग सोसायटीच्या गच्चीवरच्या पत्र्याखाली पसरून निवडला होता, तेव्हा दुसरं कारण पुढे आलं. सुमारे पाचवा हिस्सा माल कागदाच्या गिरणीच्या उपयोगाचाच नव्हता, आणि तोच ढिगाच्या वर पसरलेला होता. भंगारवाल्याला आधी चंदेरी द्रोण दिसले असतील तर त्याने खाली हात घालायचं कारण नाही.

गिरणीत रद्दी पल्परमध्ये टाकतात. पल्पर म्हणजे घरच्या मिक्सरचाच मोठा भाऊ: टाकीत पाणी, तळाशी फिरणारं पातं. साधा कागद थोड्याच वेळात सुटून लापशी होतो. पिन, स्टेपल, वहीची तार जड असल्याने तळाशी किंवा गाळणीत अडकतात. म्हणून स्टेपल काढत बसण्याची गरज नाही, वहीची स्पायरल मात्र ओढून काढावी. वर्तमानपत्राची शाई साबणासारखं द्रव्य घालून, खालून हवेचे बुडबुडे सोडून फेसाबरोबर वर आणतात आणि काढून टाकतात. हे सगळं तंतू पाण्यात मोकळा होतो या एका गोष्टीवर चालतं. जे पाण्यात सुटत नाही किंवा पाण्याला जवळ येऊ देत नाही, ते तिथे कागद नाही.

तेल हे दुसऱ्या प्रकारातलं. भजीच्या कागदातलं तेल लापशीत मिसळत नाही, तंतूंना चिकटून राहतं आणि नव्या कागदावर पारदर्शक डाग म्हणून उतरतं. पिझ्झाच्या खोक्याचं झाकण बहुतेक वेळा स्वच्छ असतं. ते फाडून घ्यायचं, तळ ओल्या कचऱ्यात. (जाता जाता: अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळायला मनाई केली आहे. कारण तीच शाई, जी गिरणीला फेसाने काढावी लागते. पाव आणि भजी अजून बातम्यांत गुंडाळून येतातच.)

उरलेल्यासाठी घरात करायच्या चाचण्या अशा. मुठीत चुरगळून सोडा: चुरगळलेलाच राहिला तर कागद, हळूहळू उलगडला तर आत प्लास्टिक किंवा फॉइलचा पापुद्रा. चमकणारा भेटवस्तूचा कागद इथेच बाद होतो. चुरगळून कळलं नाही तर कोपरा सावकाश फाडा आणि फाटलेली कड उजेडात धरा: कागदाच्या कडेला केसाळ तंतू दिसतात, लॅमिनेशन असेल तर पातळ पडदा ताणला जातो. लग्नपत्रिकेत ही चाचणी घ्यावीच लागते, कारण एकाच पत्रिकेत आतलं पान चांगलं आणि पाकीट लॅमिनेट केलेलं असतं. पावती असेल तर नखाने ओरखडा: काळी रेघ उमटली की तो उष्णतेने छापणारा थर्मल कागद. त्यावरच्या लेपात बऱ्याचदा बिस्फेनॉल गटातली रसायनं असतात. दुकानाची पावती, एटीएमची चिठ्ठी, खोक्यावरचं पार्सलचं लेबल यातलं काहीही रद्दीत नको आणि खतातही नको. लेबल काढण्याचा दुसरा फायदा म्हणजे त्यावरचं तुमचं नाव, पत्ता आणि फोन नंबर खोक्याबरोबर गावभर फिरत नाही.

चहाचा कप रात्रभर पाण्यात ठेवला तर सकाळी आतला प्लास्टिकचा अस्तर वेगळा सुटून तरंगताना दिसतो. मुलांना दाखवण्यासारखं आहे. टेट्रा पॅकमध्ये साधारण ७५ टक्के कागदी पुठ्ठा, २० टक्के पॉलिथीन आणि ५ टक्के ॲल्युमिनियम असतं. त्यासाठी वेगळी गिरणी लागते, म्हणून ते धुऊन, चपटं करून, निथळून सुक्या कचऱ्यात स्वतंत्र पिशवीत द्यायचं. रद्दीच्या गठ्ठ्यात ते घुसवलं तर सगळ्या गठ्ठ्याचा भाव जातो. टिशू पेपर आणि किचन रोल ओल्या हाताला फाटू नयेत म्हणून मुद्दाम चिवट केलेले असतात. आधीच आखूड तंतू, त्यात पाण्यात न सुटणारे. ते थेट खतात.

साबणाचे आणि टूथपेस्टचे डबे चालतात. भंगारवाल्याच्या भाषेत हा डुप्लेक्स: आतून राखाडी, बाहेरून पांढरा. भाव कमी, पण घेतला जातो. फक्त पुठ्ठ्यात मिसळू नका. वह्यांचा पांढरा कागद चांगल्या प्रतीचा, आणि नेमका तोच या ढिगात वर्तमानपत्रांच्या मध्ये गेलेला होता. मार्च-एप्रिलमध्ये, हवा कोरडी असताना, वह्या वेगळ्या काढून दिल्या असत्या तर त्यांचे वेगळे पैसे आले असते.

देवाचं चित्र

कॅलेंडर जिन्याखाली का पडून होतं? त्यावर शांतादुर्गेचं चित्र होतं. पंचांग, लग्नपत्रिकेवरचा गणपती, आरतीची फाटकी पुस्तिका यांचं हेच होतं: कुणी रद्दीत टाकायला धजावत नाही, मग ते पिंपळाखाली ठेवलं जातं किंवा ओहोळात सोडलं जातं. ओहोळातली लॅमिनेट केलेली पत्रिका पुढच्या पुलाखाली अडकलेली सापडते. त्यात कुणाचाच मान राहत नाही. इथे जे चाललं ते सोपं आहे. चित्र तेवढं कापून घ्यायचं, तारखांची पानं पांढऱ्या रद्दीत, पत्र्याची पट्टी लोखंडात. चित्रं साध्या कागदाची असतील तर ती एका बादलीत दोन-तीन दिवस भिजवून, हाताने लगदा करून, तुळशीच्या नव्हे तर आवारातल्या माडाच्या आळ्यात मातीखाली घालायची. कुंडीतल्या तुळशीला लगद्याचा थर बसून हवा अडते, माडाला काही होत नाही. ज्येष्ठ मंडळींनी हे आधी नाकारलं आणि मग त्यांनीच बादली ठरवली.

काय बदललं

जिन्याखालची जागा बंद. हा एकच निर्णय बाकी सगळ्यांपेक्षा मोठा ठरला. सोसायटीची साठवण कोरड्या महिन्यांपुरती. पावसात कागद ज्याच्या त्याच्या घरात राहील, कपाटावर किंवा आतल्या भिंतीच्या फडताळात, आणि ठरलेल्या सकाळीच खाली येईल. गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणून वर्षातली मोठी उचल मे संपण्याआधी. त्यानंतर दोन महिन्यांऐवजी दर पंधरा दिवसांनी. टेम्पोवाला १८ घरांसाठी पंधरवड्याला यायला तयार नव्हता, कारण त्याचं डिझेल सुटत नव्हतं. शेजारच्या दोन इमारतींनी तोच दिवस धरला तेव्हा आला.

उचलीच्या दिवसापुरती गाडीतळाच्या छताखाली चार चिरे मांडून त्यावर फळी, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटं सुटी. चिरा स्वतः ओल शोषतो, म्हणून चिरा आणि फळी यांच्यात टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. खोक्यांची चिकटपट्टी ओढून काढायची, खोकी सपाट करून आडवी रचायची. वर्तमानपत्रांचा गठ्ठा फूटभरापेक्षा उंच नको, सुतळीने आडवा-उभा बांधायचा. प्लास्टिकच्या पिशवीत भरायचा नाही.

या शेवटच्या वाक्याकडे दोन घरांनी दुर्लक्ष केलं. पावसापासून वाचावा म्हणून गठ्ठा काळ्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं. दुपारच्या उबेत कागदातली वाफ सुटते, रात्री पिशवीच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि परत कागदावर गळतात. पंधरा दिवसांत त्या गठ्ठ्यांना बुरशी आली, उघड्या ठेवलेल्यांना नाही. झाकायचंच तर वरून ताडपत्री टाकायची, बाजू मोकळ्या.

आणखी एका घराने बँकेचे जुने कागद श्रेडरमधून काढून भुसा करून आणला. हेतू चांगला, पण तंतू कापले गेले. असा भुसा चाळणीतून गळतो आणि टेम्पोत उडतो, कुणी घेत नाही. नाव आणि खाते क्रमांकाची पट्टी हाताने फाडून घ्यावी, बाकीचं पान अख्खं द्यावं. आलेला भुसा वाया गेला नाही, तो खताच्या पिंपात गेला.

खताचं पिंप हा या प्रकरणातला अनपेक्षित जोड. पावसाळ्यात ओल्या कचऱ्याच्या पिंपाला पाणी सुटतं, वास मारतो, कारण कोरडा पाला मिळत नाही. नाकारलेला कागद नेमका तेच काम करतो: पाणी शोषतो आणि कार्बन देतो. एक बादली स्वयंपाकघरातला कचरा, त्यावर अर्धी बादली सैल फाडलेला कागद. दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्या, अंड्यांचे ट्रे, पिझ्झाचा तळ, टिशू. अख्खी पानं घातली तर ती एकावर एक चिकटतात आणि खालचा कचरा गुदमरून कुजतो. चकचकीत रंगीत पुरवण्या इथे नकोत. मासळीचं पान घालता येतं, पण ते मध्यभागी गाडून, नाहीतर मांजरं पिंप आडवं करतात.

चवथ (गणेशचतुर्थी) आली तेव्हा नवी व्यवस्था पुन्हा कोलमडली. आरास उतरली: चमकी लावलेला पुठ्ठा, त्याला गोंदाने चिकटवलेलं थर्माकोल, सोनेरी फॉइल, शिवाय फटाक्यांची खोकी. चमकी म्हणजे प्लास्टिकची भुकटी, ती लापशीतून निघत नाही. फटाक्यांच्या खोक्यात दारूची पूड उरलेली असते, ती गठ्ठ्यात बांधणं धोक्याचं. एवढा ढीग सुक्या कचऱ्यात द्यावा लागला. आरास पुढच्या वर्षीसाठी माळ्यावर ठेवायची असेल तर पुठ्ठ्याऐवजी कापड आणि बांबू वापरावा, असं दोन घरांनी ठरवलं. उरलेल्यांनी अजून काही ठरवलेलं नाही.

सप्टेंबरच्या एका पंधरवड्याचा तोच हिशेब पुन्हा केला. १२ घरं, १५ दिवस, ६५ ग्रॅम: ११.७ किलो. काट्यावर १२.३. कोरडा कागद १०.७६ किलो, म्हणजे ओल साडेबारा टक्क्यांच्या आसपास. भंगारवाल्याने कड दाबली, काही बोलला नाही, बाजारभावातून थोडे कापून पैसे दिले. पावसाळी हवेत उघड्या कागदाची ओल याहून फारशी खाली येत नाही, तेव्हा एवढी कपात सोसायटीने वादाविना घेतली. चंदेरी द्रोण मात्र पुढच्या उचलीला पुन्हा आले होते, एका वाढदिवसाचे, धुऊन एकात एक रचलेले.